नानांच्या विहिरीचं पाणी

धाकट्या सुनेला आठवा महिना लागला आणि धुळ्याला कॉलेजात शिकणारी माझी लेकीकडची नात आमच्या गावी, पहूरला आली ती रिकामी बाटली घेऊनच. "आजी, बाळ येण्याआधी विहिरीचं पाणी तपासू."

विहीर माझ्या थोरल्या दिरांची. आम्ही त्यांना नाना म्हणतो. विहिरीचा त्यांना फार गर्व. पाणी खराब निघावं, असं मला मनापासून वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

बाटली भरून द्यायचं काम नानांच्या बायकोनं, माझ्या जाऊबाईंनी केलं. चार दिवसांनी धुळ्याच्या प्रयोगशाळेतून निकाल आला, पाणी चांगलं. सगळ्या गावाची साक्ष काढत नाना अंगणभर फिरले. "बठ्ठं गाव हेच पानी पेस, कोनले काय व्हयनं?"

तेवढ्यात जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या, "मी उकळून, दुहेरी फडक्यानं गाळून भरलं होतं. सायबाच्या हाती जायचं, घाण कसं पाठवू?"

मी हसून हसून खाली बसले. नात मात्र हसली नाही. दोर घेऊन उठली. मी पुढं झाले तर म्हणाली, "तू नको आजी. तुला ते खराब हवंय, नानांना चांगलं हवंय. बाटलीत दोघांचंही काही जायला नको." मधोमध बादली सोडून तिनं स्वतः पाणी भरलं. बाटलीवर नाव नाही, नुसती खूण. तपासणाऱ्यालाही विहीर कोणाची ते कळू नये म्हणून.

"आणि निकाल येईतो मामीनं उकळलेलंच प्यायचं."

नाना उसळले. "म्हणजे तू आधीच ठरवलंस!"

"पाणी कसं आहे ते नाही ठरवलं, नाना. चूक झाली तर कोणाला भोवेल, ते पाहिलं. गोठा धुवायचं पाणी असतं तर थांबले असते. इथं बाळ आहे."

मी चौथी शिकलेली, पण हे मला पक्कं उमगलं. आपल्या इच्छेला बाटलीत जागा नाही, पण काळजीला चुलीपाशी आहे! त्या दिवशी मी शेजारणींना धरून धरून हे सांगितलं. जेवणसुद्धा राहिलं.

फोन आला तेव्हा सगळे ओट्यावर होतो. पाण्यात जंतू होते.

"पुन्हा तपास," नाना म्हणाले.

"तपासते. चांगलं निघालं असतं तरी तपासलंच असतं."

नाना उठले. सुनेकडं एकदा पाहिलं. मग हंडा उचलून जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"पेटव चूल. तुला तर आधीपासून येतं."