खोबरेल लावलेलं जस्त

खंडेनवमीला सुतार रंधा पुजतो, शिंपी कात्री पुजतो. शहापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात विज्ञानाचे सर प्रयोगशाळा पुजायचे. प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट. सर परीक्षानळ्यांना कुंकू लावत, आम्लाच्या बाटलीला झेंडूचा हार घालत आणि जस्ताच्या तुकड्यांना गंज चढू नये म्हणून खोबरेल चोळत. वर्षानुवर्षं तेल-कुंकू खाऊन ते जस्त इतकं चिकट झालं होतं की त्याला मुंग्या लागायच्या. आम्ल कमी झालं की बाटलीत पाणी ओतून पातळी सारखी करायची, हाही सरांचाच शोध.

धातूवर आम्ल टाकलं की हायड्रोजन वायू निघतो, बुडबुडे येतात, नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की फट् असा आवाज होतो, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. पाहिलं कुणीच नव्हतं. कपाट उघडायचं ते फक्त खंडेनवमीला आणि दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला.

परीक्षेत माझ्या जोडीला डोळखांबकडच्या पाड्यावरची मैत्रीण होती. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. वडिलांनी तिला बजावलं होतं, शहापूरच्या वसतिगृहात जागा मिळाली तर अकरावी, नाहीतर भट्टी. जागा गुणांवर मिळायची, त्यामुळे एकेका गुणासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

बाहेरून परीक्षक आले. त्यांचं अर्धं लक्ष शाळेमागे शिजणाऱ्या गावठी कोंबडीत होतं. आम्ही नळीत जस्त टाकलं, वर आम्ल ओतलं. आम्ल कसलं, तीर्थच ते. जस्त तळाशी जाऊन निवांत बसलं, वर तेलाचा तवंग आला, बुडबुडा एक नाही. परीक्षकांनी स्वतः काडी ओढून नळीशी धरली. ती बोटाला चटका बसेपर्यंत मुकाट जळली. आमच्या सरांचा चेहरा उतरला. मग परीक्षकांनी काडी विझवली आणि तोंडानेच आवाज काढला.

"फट्. झाला आवाज. लिहा."

सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं. मैत्रिणीने लिहिलं, 'वायू तयार झाला नाही. आवाज परीक्षक सरांनी काढला.'

आमच्या सरांनी तिला बाजूला घेऊन ती ओळ खोडायला सांगितलं, वसतिगृहाची आठवणही करून दिली. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. ती म्हणाली, "पन सर, नळीतून आवाज आलाच नाय." परीक्षक म्हणाले, निरीक्षण पुस्तकाप्रमाणे असायला हवं, आणि जेवायला गेले.

ती पास झाली, पण वसतिगृहाची जागा थोडक्यात हुकली. निकालाच्या दिवशी मी तिच्याबरोबर पाड्यावर गेले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज आला आसं लिवलं आसतंस तं?"

"तं जागा भेटली आसती."

ते तिला रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

दिवाळीनंतर ती विटा थापायला गेली. मी शहापूरला विज्ञान शाखेत होते. मला त्या प्रयोगाचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, आणि शाळा सोडताना सरांनी माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा दिला होता: निरीक्षणशक्ती उत्तम.