मित्राच्या मुलीचा प्रश्न

२००७च्या डिसेंबरात, नाताळनंतरच्या शनिवारी, आयोवातल्या एका शाळेच्या जिममध्ये शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे आमचे शेजारी काका हातात माईक घेऊन एकोणीस सेकंद गप्प उभे राहिले. माईक हातात आल्यावर एवढा वेळ गप्प राहिलेला मराठी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पुण्यात सतरा वर्षं वार्ताहर म्हणून सभा-समारंभांना बसलो, त्यात इथल्या मराठी मंडळाचे चार गणेशोत्सव मिळवले, तरी हे विधान मागे घ्यावं लागेल असं वाटत नाही. एकोणीस हा आकडा अंदाजाचा नाही. माझ्या रेकॉर्डरवर तो मोजता येतो.

काका मूळचे कराडचे. इलेक्ट्रिकल इंजिनियर म्हणून अमेरिकेत आले आणि सत्तावीस वर्षं ग्रीन कार्डावर काढल्यानंतर, साठी ओलांडताना, अचानक नागरिक झाले. कारण विचारलं तर म्हणाले, मत द्यायचं आहे. बहुतेक लोक मत चार वर्षांतून एकदा, नोव्हेंबरात देतात. काकांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. नोव्हेंबरात दोनच जण उरतात, त्यात निवडण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं. खरी मजा त्याआधी, पक्ष आपला उमेदवार ठरवतात त्या प्रायमरीत. तेव्हा दोन्ही पक्षांचे मिळून दहा-बारा लोक राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेले असतात, गावोगाव शाळांत आणि धाब्यांत येऊन लोकांचे हात हातात घेतात, आणि कुणीही उठून त्यांना प्रश्न विचारू शकतो. "ह्यांना नातवंडं नाहीत ना, म्हणून उमेदवार खेळवतात," असं काकू म्हणायच्या. काका हे मान्य करायचे.

त्यांच्या अंगणात त्या वर्षी अकरा पाट्या होत्या. अमेरिकेत माणूस आपल्या पसंतीच्या उमेदवाराची एक पाटी घरासमोर रोवतो. काकांनी दोन्ही पक्षांच्या सगळ्यांच्या रोवल्या, आडनावांच्या अकारविल्हे, म्हणजे पक्षपात नको. सोसायटीचं पत्र आलं की एका घराला एका उमेदवाराची एकच पाटी लावता येते. काकांनी उलट कळवलं की नियमाचं पालन होत आहे, एका उमेदवाराची एकच आहे, मोजून जावं. दर आठवड्याला कुणातरी उमेदवाराचा स्वयंसेवक, एक पाटी आपली दिसली म्हणून आशेने दार वाजवी. त्याला आत घेऊन चहा आणि शेंगदाण्याचा लाडू दिला जाई, आणि तासाभराने तो बाहेर पडे तेव्हा आपला उमेदवार सोडून इतर दहा जणांची माहिती त्याला झालेली असे. एखाद्या उमेदवाराने माघार घेतली की काका त्याची पाटी उपटून, धुऊन, पुसून गॅरेजमध्ये ठेवत. काकू त्याला विसर्जन म्हणत.

आयोवात मतपेटी नसते, लोक एका खोलीत जमून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात, एवढं मला माहीत होतं. याला कॉकस म्हणतात आणि ते मंडळाला समजलंच पाहिजे, असं काकांनी ठरवलं. म्हणून त्या गणेशोत्सवात महाप्रसादाचं गोड कॉकसने ठरलं. हॉलच्या चार कोपऱ्यांत पुरणपोळी, श्रीखंड, गुलाबजाम आणि अनारसे अशा चिठ्ठ्या लावल्या. ज्या कोपऱ्यात पंधरा टक्क्यांहून कमी माणसं, तो गट मोडायचा आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, हा नियम काकांनी तीनदा वाचून दाखवला. अनारशांच्या कोपऱ्यात मंडळाच्या अध्यक्षीणबाई एकट्याच उभ्या होत्या. त्या हलेनात. पुरणपोळीवाल्यांनी त्यांना पुढच्या वर्षीच्या कोजागरीचं यजमानपद देऊ केलं. श्रीखंडवाल्यांनी आधीचं एक भांडण विसरायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, "मी एकटी असले तरी मी आहे." काका टेबलावर उभे राहून अत्यंत समाधानाने म्हणाले की हीच लोकशाही, पण पंधरा टक्के नाहीत. दोन घरांचं बोलणं नाताळपर्यंत बंद होतं. गोड म्हणून शेवटी दुकानातला गाजरहलवा आला, तो कुठल्याच कोपऱ्यात नव्हता.

या सगळ्या वेडाच्या मध्यभागी एक प्रश्न होता. काका तो खिशातल्या कार्डावर लिहून बाळगत. सभेत प्रश्नाला अर्धं मिनिट मिळतं, म्हणून रविवारी सकाळी ते स्वयंपाकघरात उभे राहून कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये तो म्हणून पाहत. प्रश्न असा होता. माझ्या एका मित्राच्या मुलीने आर्किटेक्चर शिकायला विद्यार्थी कर्ज काढलं. चौथ्या वर्षी तिला शिक्षण सोडावं लागलं. पदवी नाही, कर्ज आहे, व्याजाने ते वाढतं आहे. जुगारात हरलेल्या माणसाने दिवाळं जाहीर केलं तर त्याचं कर्ज सुटतं. शिकायला घेतलेलं जवळजवळ कधीच सुटत नाही. तुम्ही निवडून आलात तर हे बदलाल का, हो की नाही?

त्या वर्षी शिक्षणाच्या कर्जावर सगळेच उमेदवार बोलत होते. कुणी व्याज कमी करू म्हणे, कुणी अनुदान वाढवू म्हणे. काकांचं समाधान होत नसे. व्याज कमी करणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी कोमट करून देणं आहे, असं ते म्हणाले होते, आणि ते वाक्य मी लगेच टिपून घेतलं होतं.

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत ते दर शनिवारी गाडी काढून मिसिसिपी नदी ओलांडत आणि आयोवात सभा गाठत. बऱ्याचदा मी बरोबर असे. मला मत नव्हतं. बायकोच्या नोकरीमागे मी इथे आलो होतो आणि पुण्यातल्या माझ्या जुन्या दैनिकासाठी पंधरवड्याला एक पत्र लिहीत होतो. काका लग्नातला सूट घालत, सगळ्यांच्या आधी पोचत, तिसऱ्या रांगेत कडेला बसत, हात वर करत. माईक त्यांच्यापर्यंत येईना. माईक घेऊन फिरणारी पोरं आधी विचारत, तुम्ही आयोवातले का? काका म्हणत, नेपरव्हिल, इलिनॉय. पोरं हसून पुढे जात. इथे मत इथल्यांचंच मोजायचं होतं. मी एकदा म्हटलं की काका, सरळ आयोवा म्हणा, कोण रेशनकार्ड मागतंय. ते म्हणाले, "प्रश्नाच्या आधीच खोटं बोललो तर उत्तर कुठल्या तोंडाने मागू?"

हे ऐकून मी गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. कारण तोवर मला एक गोष्ट माहीत झाली होती.

ऑक्टोबरात दसऱ्यासाठी झेंडू मिळेल का म्हणून मी शेजारच्या ऑरोरा गावात एका मोठ्या किराणा दुकानात गेलो होतो. फुलांच्या विभागात हिरवा एप्रन घातलेली काकांची मुलगी देठं कापत उभी होती. ती चार वर्षांपूर्वी आर्किटेक्चर शिकायला पूर्वेला गेली होती आणि मंडळाच्या माहितीप्रमाणे अजून तिकडेच होती. तिने मला पाहिलं, कात्री ठेवली, आणि म्हणाली, "काका, प्लीज मंडळात कुणाला सांगू नका. आय नो, तुम्ही लिहिता." मी मान हलवली. तिने मला झेंडूऐवजी पिवळी शेवंती बांधून दिली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, असं मी नंतर स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं.

पुढच्या शनिवारी गाडीत मी काकांना विचारलं, तो मित्र कोण? डबा उघडून त्यांनी मला लाडू दिला. आमचे एक संपादक म्हणत की नाकारलं नाही म्हणजे दुजोरा मिळाला. मी ते प्रमाण मानलं आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पत्रात काकांवर लिहिलं. अकरा पाट्या, कुकर, अनारसे, सगळं आलं. लेख चांगला उतरला होता, हे मला लिहितानाच कळत होतं. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं की मित्राची मुलगी ही काकांचीच मुलगी आहे, ती त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर एका दुकानात फुलं बांधते, आणि लाजेपोटी हा बाप देशाच्या भावी राष्ट्राध्यक्षासमोरही तिला आपली म्हणत नाही. नाव दिलं नव्हतं. नाव दिलं नाही की माणूस सुरक्षित राहतो, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे. अंगणात अकरा पाट्या असलेलं मराठी घर नेपरव्हिलमध्ये एकच होतं, आणि पुण्याचा पेपर इंटरनेटवर इथे पुण्याच्या आधी वाचला जातो. दोन दिवसांत लेख मंडळाच्या ईमेल ग्रुपवर फिरला. बऱ्याच जणांनी मला फोन करून दाद दिली. काकांचा फोन आला नाही.

तरी नाताळनंतरच्या शनिवारी ते ठरल्या वेळी, सव्वासातला, माझ्या दारात हॉर्न वाजवून थांबले. रस्ताभर हवामान आणि सभांची वेळापत्रकं एवढंच बोलणं झालं. जिममध्ये पोचलो तर मागच्या रांगेत मंडळाची दोन कुटुंबं बसलेली होती. लेख वाचून, काकांना प्रश्न विचारताना प्रत्यक्ष पाहायचं म्हणून, अडीच तास गाडी चालवत आली होती. त्यांनी मला हात केला. मीही केला.

त्या दिवशी माईकवाली मुलगी नवीन होती. तिने गाव विचारलं नाही. उमेदवार चार हातांवर समोर उभा होता. काका उठले, कोटाचं बटण लावलं, कार्ड काढलं पण पाहिलं नाही. इंग्रजीत म्हणाले, "माझ्या एका मित्राची मुलगी." मागून मराठीत कुणीतरी हळूच म्हणालं, "आला मित्र." आणि कुणीतरी हसलं.

काकांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी शेजारी, माझ्याकडे पाहिलं. मग ते समोर वळले. एकोणीस सेकंद झाल्यावर त्या मुलीने त्यांच्या हातातून माईक अलगद काढून घेतला आणि मागच्या रांगेतल्या एका शेतकरी बाईंना दिला. त्यांनी मक्यापासून होणाऱ्या इंधनाबद्दल विचारलं. उमेदवार त्यावर बराच वेळ बोलला.

हसणारा मागचा होता, असं मी सोमवारपर्यंत धरून चाललो होतो. सोमवारी रेकॉर्डर लावला. "आला मित्र" हे शब्द लांबून, पुसट ऐकू येतात. हसणं स्वच्छ ऐकू येतं. रेकॉर्डर माझ्या शर्टाच्या खिशात होता.

त्या शनिवारी परतताना काकांनी नदी ओलांडली. पूल संपल्यावर म्हणाले, "तुझ्या लेखात दोन चुका आहेत." मी वही काढली. सवयीने निघाली. ते म्हणाले, "वीस मिनिटं नाही लागत. संध्याकाळी रहदारी असते, पस्तीस लागतात. मी रोज तिला आणायला जातो. तिने गाडी विकली."

मी लिहून घेतलं.

"आणि लाज नव्हती रे. मी पहिल्या सभेपासून तिचं नाव घेऊन विचारणार होतो. ती म्हणाली, बाबा, नॉट माय नेम. माझ्याकडून शब्द घेतला तिने. मग मित्र आणावा लागला."

मी म्हटलं की चुकांची दुरुस्ती छापायला सांगतो. काका म्हणाले, "नको. पस्तीस मिनिटं कुठे छापतोस." मग डबा पुढे केला. मी लाडू घेतला, आणि घर येईपर्यंत तो माझ्या हातातच होता.

इलिनॉयची प्रायमरी फेब्रुवारीतल्या पहिल्या मंगळवारी झाली. बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होते. काकांच्या अंगणात तोवर पाच पाट्या उरल्या होत्या. त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रायमरीला मी शाळेच्या दारापर्यंत गेलो, आत मला काम नव्हतं. इथे टेबलावरच्या बाईंना आधी सांगावं लागतं की कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी, तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. वर्षभर अकारविल्हे तटस्थ राहिलेले काका तिथे काय म्हणतात हे ऐकायला मंडळातले निदान तिघे रांगेत रेंगाळले होते. काकांच्या पुढे त्यांची मुलगी होती. एप्रन कोटाखालून दिसत होता, ती कामावरून तशीच आली होती. तिने आपलं सांगितलं. काकांनी टेबलावर वाकून बाईंच्या कानात सांगितलं. बाहेर येताना तिने मला पाहिलं. माझ्यासमोर थांबून ती म्हणाली, "हाय, काका." काकांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली होती, स्वतः भिजत होते.

ती पत्रं मी मार्चमध्ये बंद केली. हा लेख काकांनी वाचला आहे. त्यांनी एका ठिकाणी दुरुस्ती केली. मी दहा पाट्या लिहिल्या होत्या. मुलीनेही वाचला आहे. तो छापायला हरकत नाही, असं तिने काकूंकडून कळवलं.

मेच्या पहिल्या मंगळवारी शेजारच्या इंडियानात प्रायमरी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी काका तिथल्या एका सभेला गेले. सकाळी सव्वासातला त्यांची गाडी माझ्या दारावरून गेली, हॉर्न वाजला नाही. गाडीत दोघं होती, काका आणि त्यांची मुलगी. गाडी ती चालवत होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती परत आली. काकूंनी त्या दिवशी माझ्या घरी लाडवांचा डबा पाठवला. सभेत प्रश्न विचारला गेला का, आणि गेला असेल तर दोघांपैकी कुणी विचारला, हे मी अजून विचारलेलं नाही.