खोबरमधलं यॉर्कशायर पुडिंग

हल्ली म्हणे लंडनच्या गल्लीबोळांत असे पब निघालेत, जिथं लोक दारूपेक्षा जेवणासाठी रांगा लावतात. कुणी कौतुकानं सांगितलं की मला हसूच येतं. अरे बाबांनो, आम्ही सौदीत, खोबरमध्ये, दारूचा थेंबही नसलेला पब चालवत होतो, तोही आखाती लढाईत! लाकडी बार होता, भिंतीवर डार्टचा बोर्ड होता, जाड काचेचे मग होते आणि मगात सफरचंदाच्या चवीचं फेसाळ पाणी. गोरी गिऱ्हाइकं त्याच पाण्यावर 'चिअर्स' म्हणायची आणि जेवायला बसायची.

मी तिथला मुख्य कुक. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा माणूस, माशाच्या कालवणावर वाढलेला, आणि रांधत काय होतो, तर शेफर्ड्स पाय, फिश अँड चिप्स आणि शुक्रवारी दुपारी बीफचा रोस्ट. रोस्टबरोबर यॉर्कशायर पुडिंग. नाव पुडिंग, पण गोड नाही. मैदा, अंडी आणि दुधाचं घावनासारखं पातळ पीठ साच्यात ओतायचं, ओव्हनमध्ये ते टम्म फुगतं. गोऱ्यांचा जीव त्याच्यावर. आमचा मॅनेजर इंग्रज होता. पहिल्यांदा माझं पुडिंग खाल्लं तेव्हा म्हणाला, माझ्या आईचंसुद्धा एवढं फुगत नव्हतं. तेव्हा माझं नाक जे वर गेलं ते बरीच वर्षं खाली आलं नाही.

ही कला मी कुणाला शिकवत नव्हतो. माझ्या हाताखाली केरळचा एक कुक होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला चाचा म्हणायचो, आमचं बोलणं हिंदीत. पुडिंगची वेळ झाली की मी त्याला काहीतरी निमित्त काढून कोठीत पिटाळायचो. बटाटे आण, कांदे निवड. तिकडच्या आम्हा कुक लोकांची रीतच ती. दुसऱ्याला सगळं शिकवलं की आपण खलास, असं जो तो धरून चालायचा. चाचाला हे कळत नव्हतं थोडंच? पण तो बिचारा गपचूप कांदे निवडत बसायचा.

गावी बायको पोटुशी होती, दिवस भरत आले होते. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या कानात बांग देतात, म्हणजे अजान. मुलानं ऐकायचे पहिले शब्द ते, आणि ते बापाच्या तोंडून यावेत अशी घरच्यांची हौस असते. पहिल्या मुलाच्या वेळी मी सौदीत होतो, बांग सासऱ्यांनी दिली. या खेपेला बायकोनं पत्रात लिहिलं होतं, "ह्या वेळी तुम्हीच या. मी वाट बघणार." मी येतो म्हणून कळवलं होतं.

आणि लढाई पेटली. भोंगे वाजायचे, खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, गॅसचे मास्क आले. गोऱ्यांची बायकापोरं मायदेशी गेली. मागे राहिलेले मोठमोठे इंजिनिअर शुक्रवारी आमच्याकडे येऊन पुडिंगवर ग्रेव्ही ओतत मुकाट बसायचे. त्यांना घराची आठवण येतेय हे मला दिसायचं. माझंही तेच चाललेलं.

मी मॅनेजरकडे सुट्टी मागितली. तो म्हणाला, "जा की. पण शुक्रवारी पुडिंग कोण करणार? चाचाला शिकव. येत्या शुक्रवारी त्याला जमलं, की कफीलकडून तुझा जाण्याचा कागद मी स्वतः आणतो." पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या सौदी मालकाकडे; त्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही.

केवढी साधी अट! पण माझ्या डोक्यात सैतान शिरला. मी परत येईन तेव्हा माझ्या जागी चाचा उभा असला तर? मी शिकवलं, पण एक गोष्ट राखून. पीठ ओतण्याआधी साच्यातलं तेल ओव्हनमध्ये धूर येईपर्यंत तापवावं लागतं. गार तेलात ओतलं की पुडिंग बसलंच. मी म्हणालो, "तेल घाल, पीठ ओत, आत सरकव." चाचानं वहीत लिहून घेतलं.

मला वाटलं, पुडिंग जरा बिघडेल, मॅनेजर नाक मुरडेल, माझी किंमत कळेल आणि तरी मला सोडेल. मूर्खपणा, दुसरं काय! शुक्रवारी ओव्हनमधून चपट्या चिवट चकत्या निघाल्या. मॅनेजर म्हणाला, "सॉरी. पुढच्या शुक्रवारी परत बघू."

चाचा माझीच माफी मागायला लागला. "माझ्यामुळं तुझं जाणं राहिलं रे. माझ्या हाताला नाही येत ते." त्याचे डोळे भरून आले होते. च्यायला, त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं! मला माझी लाज वाटली, तरी तोंड उघडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ट्रे घासताना सांगून टाकलं, "चाचा, तेल आधी तापवायचं असतं. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं."

त्यानं फडक्याला हात पुसले. मग एवढंच म्हणाला, "घरी बायको वाट बघतेय ना तुझी?" आणि ओव्हन लावला.

त्या शुक्रवारी त्याची पुडिंगं माझ्याहून वर फुगली. शनिवारी कागद हातात आला. जवळचा विमानतळ लढाईमुळं बंद होता, म्हणून बसनं जेद्दा गाठलं, तिथून मुंबई, पुढं एसटी.

घरात शिरलो तर बायको खाटेवर, कुशीत मुलगी. चार दिवसांची. मधला तो शुक्रवार मी वाया घालवला नसता तर तिच्या जन्माआधी तीन दिवस घरी असतो.

"बांग?" मी विचारलं.

"दिवसभर थांबवलं होतं मी सगळ्यांना," बायको म्हणाली. "दाराकडे डोळे लावून होते. मग अब्बांनीच दिली." मी मान खाली घातली. तिला माझी दया आली असावी. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार? लढाई होती ना."

मी म्हणालो, "हो, लढाई होती."

मुलगी आता तिशी ओलांडून गेली. तिलाही मी आजवर लढाईच सांगत आलोय.