बहिऱ्या म्हशीनं घडवलेलं जग

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, वडलांपाशी नाही — आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? वैताग आलाय म्हणून. दुसरं कारण नाही. परवा ऑफिसात नवे साहेब आले. माझं आडनाव ऐकलं, गाव विचारलं, आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "अरे वा! म्हणजे ते बहिऱ्या म्हशीवाले लोक तुम्ही!"

मी हसलो. दर वेळी हसतो. हसून हसून गाल दुखायला लागलेत हो माझे.

कारण अशी कुठलीही म्हैस आमच्यात नाही. नव्हती. ती म्हैस — थांबा, नीट सांगतो.

मी हरसूलच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचा. कोकणा आदिवासी. आमच्या पाड्यावरचा पहिला बी.एस्सी., आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लहानपणीच आश्रमशाळेत गेलो, बारावीनंतर नाशिकला कॉलेज आणि वसतिगृह. नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वर्गात केदार नावाचा मुलगा होता, गंगापूर रोडला राहणारा, वडील डॉक्टर. त्याच्या मावशीनं अमेरिकेहून एक जाडजूड पुस्तक आणि पिशवीभर फासे पाठवले होते. साधे सहा बाजूंचे नाहीत — चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. खेळ असा, की एकानं एक काल्पनिक जग सांगायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातले योद्धे, मांत्रिक, चोर व्हायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. तोंडानं सांगायचं — मी दार फोडतो, मी राक्षसावर तलवार उगारतो — आणि जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं. रविवारी केदारच्या गच्चीवर हे चालायचं. त्यांना एक गडी कमी पडत होता, म्हणून मला बोलावलं.

मला मांत्रिक व्हायचं होतं. केदार म्हणाला, "तू जंगलातला वाटाड्या हो. तुला सूट होईल." का सूट होईल? माझं सगळं बालपण आश्रमशाळेच्या पत्र्याखाली पाढे म्हणण्यात गेलेलं. जंगलात मला सोडलं असतं तर मीच आधी हरवलो असतो. पण झालो वाटाड्या.

मग एकदा केदारनं फर्मान काढलं. आपल्या जगाला सुरुवातच नाही, म्हणाला. हे जग कोणी केलं, कसं केलं, देव कोणते — प्रत्येकानं लिहून आणा, जी कथा चांगली ती घेऊ. अट एकच: देव तीन हवेत. लढणाऱ्यांचा एक, जखमा बऱ्या करणाऱ्यांचा एक, चोरांचा एक. त्याच्या पुस्तकातल्या नियमांना तसं लागत होतं.

त्या आठवड्यात वसतिगृहात पाणी नव्हतं. आमचे रेक्टर असे, की तुम्ही त्यांच्यासमोर उभं राहून तक्रार करा, ते शांतपणे सुपारी कातरत राहणार. ऐकू येत होतं सगळं, ऐकायचं नव्हतं. मी चिडलेला, अंगाला साबण तसाच — आणि खोलीत येऊन लिहायला बसलो. सुरुवातीला सगळीकडे चिखल होता. चिखलात एक म्हैस लोळत होती. ती बहिरी होती. तीन देव भाऊ तिला ओरडून सांगत होते, ऊठ, आम्हाला उभं राहायला जागा दे; तिला ऐकू जाईना. शेवटी ती आपल्या मनानं उठली आणि आठ वाटांनी चालत सुटली. तिच्या पाठीवरून गळाला तो चिखल म्हणजे डोंगर, खूर रुतले त्या दऱ्या. आठ वाटा का? समोर टेबलावर आठ बाजूंचा फासा पडला होता, म्हणून. एवढंच. याहून खोल त्यात काही नाही. देवाशपथ नाही.

रविवारी वाचून दाखवलं. केदार म्हणाला, "हे तू रचलंस?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात दुसरा एक जण म्हणाला, "रचलेलं नाही रे वाटत हे. ह्यांच्याकडचं असणार. जुनं आहे." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कसं सांगू तुम्हाला ते बघणं? तोवर त्या गच्चीवर मी कोण होतो — सवलतीवर आलेला, फासा कुठला टाकायचा ते दर वेळी विचारणारा. आणि आता ती चार पोरं माझ्याकडे अशी बघत होती, की जणू माझ्या खिशात काही तरी आहे आणि त्यांच्या खिशात नाही.

"तुमच्याकडचं आहे ना?" केदारनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आजी सांगायची."

माझी आजी माझ्या जन्माआधीच गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, एवढं काय! पण खरी गोष्ट त्याच्याखाली दडलेली आहे, ती सांगतो. 'नाही, माझं आहे' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — मग तुमच्याकडची खरी कोणती? आणि ती मला येत नव्हती. मी, पहिला बी.एस्सी., मला माझ्या लोकांची जगाच्या सुरुवातीची गोष्ट येत नव्हती.

येत नव्हती म्हणजे घरात नव्हती असं नाही. माझा सख्खा मोठा काका ती थाळीवर गायचा. काशाची थाळी, मधोमध मेणाचा गोळा, मेणात उभी केलेली सुकी काडी. ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहायचं, की थाळी घुमते — आणि त्या घुमण्यावर काका सांगत जायचा. धरती कशी झाली, कणसरी म्हणजे धान्याची आई कशी आली. नवं धान्य घरात आलं की, आणि कोणी गेलं की दिवसकार्याला. काका काही संत नव्हता. मोहाची घेऊन बसायचा, मध्येच गाणं थांबवून तंबाखू मागायचा, बायाबापड्यांना शिव्या घालायचा. पण ओळ चुकत नसे, असं सगळे म्हणायचे. मला काय ठाऊक? मी सुट्टीत घरी असलो आणि थाळी घुमायला लागली, की कानावर गोधडी घ्यायचो. मला त्या आवाजाची लाज वाटायची. झालं सांगून.

तर गच्चीवर माझी म्हैस निवडली गेली. त्याच रविवारी मला वाटाड्याचा मांत्रिक केलं. बढती!

हे तिथंच संपायला हवं होतं. खेळ बंद पडला, आम्ही पास झालो, मला सरकारी नोकरी लागली. केदार पत्रकारितेत गेला. काही वर्षांनी त्याचा ऑफिसात फोन आला — एका दिवाळी अंकासाठी डोंगराळ भागातल्या लोककथांवर लिहितोय, तुझ्या आजीची म्हैस घेतोय, छापू ना?

फोन साहेबांच्या टेबलावर. साहेब समोर. पण साहेब समोर होते म्हणून मी बोललो नाही असं म्हणालो, तर ते आणखी एक खोटं होईल. नंतर मी एक रुपया टाकून बाहेरून फोन करू शकत होतो. नाही केला. "छाप की," म्हणालो.

छापून आलं. वाचून कपाळावर हात मारला. आठ वाटा म्हणजे अष्टदिशांचं आदिम भान. बहिरी म्हैस म्हणजे माणसाच्या हाकेला ओ न देणारा निसर्ग. अरे, निसर्ग कसला? आमचे रेक्टर होते ते! सुपारी कातरत बसलेले! — असं ओरडावंसं वाटलं. आणि ओरडलो का? नाही. अंक घरी नेला, बायकोला दाखवला, म्हणालो, "बघ, आमची गोष्ट."

तो अंक फिरत फिरत आमच्या पाड्याच्या शाळेत पोचला. तिथं नवे गुरुजी आले होते, फार उत्साही, मनापासून शिकवणारे. त्यांनी स्नेहसंमेलनात म्हैस बसवली. काळ्या पुठ्ठ्याची शिंगं लावलेली पोरं, 'आपल्या पूर्वजांची कथा' असा फलक — आणि प्रमुख पाहुणा कोण? मी. शाल, नारळ, खुर्ची. खाली सतरंजीवर पुढच्याच रांगेत काका बसलेला.

कार्यक्रम झाल्यावर काका माझ्यापाशी आला. गुरुजी शेजारी उभे, बाकीची माणसं भोवती.

"काय रं साहेब," काका म्हणाला, "ही म्हस कुठली?"

"आपल्यातलीच ना, बाबा," गुरुजी म्हणाले. "पुस्तकात आलंय."

काका माझ्याकडेच बघत होता. "मंग मला कशी नाय ठावं? बापानं मला समदं दिलं. हीच एक ठेवून घेतली का काय त्यानं? तू शिकेल हायस, तू सांग. व्हती का?"

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही. एका शब्दाचं उत्तर होतं. मी काय म्हणालो, माहीत आहे?

"असेल काका. तुमच्याच लक्षातून गेली असेल. वय झालं आता."

वय झालं! हे कोणी विचारलं होतं मला?

काकानं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "म्हंजे मोहाच्या दारूनं खाल्ली म्हन की म्हस." सगळे हसले. तोही हसला. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. न पिता आला होता. मांडीवर थाळी. म्हणाला, "शिकव मला."

आणि मी शिकवली.

हेच ते. एवढा वेळ ज्याच्याभोवती फिरतोय ते हेच. मी ओट्यावर बसलो आणि ज्या माणसाची ओळ चुकत नव्हती त्याला माझी म्हैस ओळीओळीनं शिकवली. तो मध्ये अडायचा. म्हणाला, "आठ वाटा कशापायी? आपल्या डोंगराला पाचच हायेत, मी समद्या चाललोय." मी म्हणालो, "नाही काका, आठच." मी त्याला चुकीचं ठरवलं — एका फाशासाठी! तो "बरं" म्हणाला, आणि आठ म्हणायला लागला.

पुढच्या नव्या धान्याला त्यानं ती गायली. म्हैस काही लहान नव्हती. ती आत यायची तर सुरुवातीचं काहीतरी बाहेर काढावं लागलं. काय काढलं, ते मला सांगता येणार नाही. मी कधी ऐकलंच नव्हतं ना. वडलांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला नीट येत नाय, दादाला इचार." दादाला म्हणजे काकालाच. मी नाही विचारलं. तो पुष्कळ वर्षं जगला. दर सुट्टीला मला भेटत होता, आणि दर वेळी चारचौघांत म्हणायचा, "ह्यानं माझी इसरलेली म्हस आणून दिली." लोक माझं कौतुक करायचे. मी मान खाली घालायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. असा संताप यायचा — लोकांचा. लोकांचा का? लोकांनी काय केलं होतं?

काका गेला. दिवसकार्याला थाळीवर त्याचा मुलगा भिका बसला. त्याला काकानंच तयार केलं होतं. काका ज्या वाटेनं जाणार ती वाट त्या गाण्यातून सांगायची असते. भिकानं चिखलापासून सुरुवात केली. म्हैस उठली, आठ वाटांनी चालायला लागली. मी अगदी पुढे बसलो होतो. त्या वेळी कानांवर काही घेतलं नव्हतं, सगळं ऐकलं.

संपल्यावर भिकाला म्हटलं, "काका आधी म्हशीच्या जागी दुसरं काही सांगायचा. तुला आठवतं का?"

"आधी?" भिका म्हणाला. "आधी तर बा चुकीचं सांगायचा ना, दादा. तोच म्हनायचा."

भिका अजून तेच गातो. मी त्याला काहीही सांगितलेलं नाही. काका मेला तो स्वतःला विसरभोळा समजून, आणि तसं त्याला मी समजायला लावलं.