दुसऱ्यांचे ताईत

"दे हिकडं. तुजा देव माज्यापाशी हाय, तू फकस्त श्वास धर."

आमच्या सांगलीच्या लॅबमधले एक्स-रेवाले मामा हे दिवसातून वीसदा तरी म्हणत. आखातात कामाला जाणाऱ्यांची तपासणी तिथे होई. छातीच्या फिल्मवर धातू उमटतो, म्हणून गळ्यातले ताईत काढावे लागत. तुम्ही पाहिलं असेल, माणूस शर्ट चटकन काढतो, ताईत नाही. टेबलावर ठेवायला तर कुणीच राजी नसे. मग मामा तो स्वतःच्या मनगटाला गुंडाळत.

मामा बौद्ध. घरात देव्हाराही नाही. "तुमचा विश्वास आहे?" मी एकदा धीर करून विचारलं.

"न्हाई. पर जिम्मा हाय की."

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून रिपोर्ट टाइप करायला होते. नियम कडक होता. फुप्फुसावर बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला, तरी माणूस 'अनफिट'. इंग्रजीतला तेवढा एक शब्द मामांना नेमका कळे. "ताई, त्यो हळू दाबा की. भाईर ऐकू जातंय," ते चिडवत.

मग मामा खोकू लागले. एका सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाले, "टीबी निघाला. दोन म्हैनं गोळ्या चालू हायत. थुंकी साफ आली, आता कुणाला लागायचं न्हाई. डॉक्टरास्नी मीच सांगतो सोमवारी. तवर तुमी बोलू नगा."

मी मान हलवली. ते वळताच चहा बेसिनमध्ये ओतला.

दुपारी लॅबचे मालक डॉक्टर माझ्या टेबलाशी आले, तेव्हा मी सगळं इंग्रजीत सांगून टाकलं. मामा दारातच उभे होते, मनगटावर विट्याच्या एका माणसाचा ताईत. त्यांना कळणार नाही, असं मी धरून चालले होते. शेवटी मी तो शब्द उच्चारला.

मामांनी ताईत सोडला, त्या माणसाच्या गळ्यात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर म्हणाले.

मामांनी डबा उचलला. माझ्यापाशी थांबले. "ताई, त्यो नियम परदेशी जाणाऱ्याला हाय. मी तर मिरजेला घरी जातोय."

नवा माणूस स्टीलचा ट्रे पुढे करी. लोक ताईत मुठीत धरून घुटमळत, इकडेतिकडे बघत. बऱ्याचदा माझ्याकडे.

मी हात पुढे करत नसे.