वसंताच्या अर्जावरची माझी सही

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. ह्यांच्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी वळसा घालून टाळत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. मध्येच अडखळले तर जरा थांबा. सवय नाही मला.

वसंता माझा धाकटा भाऊ, चार वर्षांनी लहान. घड्याळजी होता. दुकान नव्हतं त्याचं — सायकलच्या कॅरियरला हत्यारांची पेटी बांधून ठाणंभर हिंडायचा. दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, शाळा, लोकांची घरं. भिंतीवरच्या घड्याळांना आठवड्याची चावी द्यायची, तेलपाणी करायचं, मागेपुढे झालेलं जुळवायचं. नौपाड्यात शिरला की बायका दारातूनच सांगायच्या, आमचं आज दहा मिनिटं मागे आहे हो. तो म्हणायचा, घड्याळ ठीक आहे वहिनी, तुमची आमटीच आज लवकर झाली. असा होता तो. त्याच्यावर कुणी रागावलेलं मी पाहिलं नाही.

माजिवड्यापाशी आग्रा रोडवर त्याला लॉरीने उडवलं. उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. आईवडील दोघंही तोवर गेलेले, तेव्हा तो माझ्याकडेच आला. नौपाड्यात आमच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. मोडकी सायकल त्याने दुरुस्त करवून घेतली आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. दर शनिवारी तिच्या साखळीला तेल घालायचा. कशाला रे, असं मी एकदाच विचारलं. तो हसून तेलाचा पुढचा थेंब सोडू लागला.

लग्न झालेल्या बहिणीच्या घरी भावाने कायमचं राहायचं, ही गोष्ट आमच्यात कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असते. ह्यांनी त्याला कधी शब्दाने दुखावलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तरी वसंता दुसऱ्यांदा भात घेत नसे. पोट भरलं म्हणायचा. मला काय कळत नव्हतं?

आणि मी? — इथेच माझी जीभ जड होते. मला त्याचं असणं फार आवडायला लागलं होतं. हे सकाळी मुंबईला कचेरीत जात, दिवेलागणीला परत येत. माणूस सज्जन, पण घरात बोलणं कसं ते नाहीच. वसंता आला आणि घर बोलू लागलं. मी पोळ्या लाटायची, तो समोर बसून भाजी निवडायचा, गावभरच्या घड्याळांच्या गोष्टी सांगायचा. माझ्या मुलीच्या, बेबीच्या, वेण्या तोच घालायचा. तिला एका मांडीवर घेऊन झोके द्यायचा आणि म्हणायचा, मामाकडे जागा कमी आहे, धरून बस. तो आल्यानंतरच्या पहिल्या चार वर्षांत मी जितकी हसले, तितकी आधी किंवा नंतर कधी हसले नाही.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. सरकारने एक मदत सुरू केल्याचं त्याच्या कानावर आलं. हातापायाने अधू असलेल्या माणसाकडे स्वतःचं वाहन असेल, तर कामधंद्यासाठी ते त्याला चालवता येईल असं सरकारी खर्चाने बदलून मिळायचं. वसंताने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. सायकलला मागे आणखी एक चाक. पायडलं उचलून वर छातीसमोर आणायची, म्हणजे हातांनी फिरवता येतील. ब्रेक डाव्या बाजूला, मागे पेटी, पेटीशेजारी कुबड्या अडकवायला दोन कड्या. कल्याणचा एक सायकलवाला हे सगळं करून द्यायला तयार होता. डोंबिवलीत त्याच्या मित्राने तळमजल्यावरची एक खोलीही पाहून ठेवली होती. तिथे नवीन घरं होताहेत, वसंता सांगायचा, प्रत्येक घरात घड्याळ आणि सगळ्या गावात घड्याळजी एक नाही.

हे सांगताना त्याचा चेहरा — मी पाहत होते तो चेहरा. आणि मी म्हटलं, छान आहे रे.

अर्ज गेला. पाहणीला दुपारी साहेब येणार असा निरोप आला. त्या दिवशी वसंता सकाळीच कुबड्या घेऊन केस कापायला गेला. साहेबांपुढे जरा नीट दिसावं म्हणून. मी त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. आणि साहेब सकाळीच आले. म्हातारे गृहस्थ होते, हातात छत्री, काखेत कागद. घरात कर्ते पुरुष कोण, म्हणाले. मी म्हटलं, हे कामावर गेलेत, भाऊ केस कापायला. मग तुम्हीच सांगा, ते म्हणाले, तुमचाच जबाब लिहून घेतो.

मी चहा ठेवला. त्यांनी पडवीतली सायकल पाहिली, चित्र पाहिलं, वा वा म्हणाले. गाडी ठेवायला आडोसा आहे का? आहे. मग कागदावरचे प्रश्न वाचू लागले. डोळ्यांचा काही त्रास? नाही. कानांचा? नाही. फेफरं, फिट वगैरे येते का?

मी म्हटलं, हो.

असं एका शब्दाचं होतं ते. मी ठरवलं नव्हतं. पण थांबवलंही नाही. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. नक्की ना बाई, असं असेल तर रस्त्यावर चालवायला गाडी देता येणार नाही. आणि मी — पदर सारखा करत, अगदी शांत आवाजात म्हटलं, नक्की.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की लॉऱ्यांची भीती वाटली म्हणून बोलले. एकदा पाय गेला, आता जीव जाईल. ऐकायला किती बरं वाटतं ना? पण साहेब प्रश्न वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लॉरी नव्हती. माझं स्वयंपाकघर होतं, त्यात समोरचा पाट रिकामा, आणि मी एकटी पोळ्या लाटतेय. तो डोंबिवलीला जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली. अक्षर छान आहे हो तुमचं, असंही ते म्हणाले.

वसंता परत आला तेव्हा चहाचा कप विसळून झाला होता. साहेब येऊन गेले, सगळं विचारून गेले, एवढंच मी सांगितलं.

महिना झाला, दीड महिना झाला. शेवटी तो कुबड्या टेकत सरकारी कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने कागद काढून त्याला वाचून दाखवला, माझ्या सहीसकट. तो परत आला आणि पायरीवर बसला. घाम पुसला. आता ओरडेल, आता विचारेल, का केलंस असं — मी तयारीतच होते. खरं सांगते, त्याने तसं विचारलं असतं तर मी सगळं कबूल केलं असतं.

त्याने विचारलं, “ताई, मला फिट येते, आणि तू मला कळूसुद्धा दिलं नाहीस?”

तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता हो. माझी कीव होती. “झोपेत येते का गं? मला काहीच आठवत नाही.”

मी म्हटलं, “हो. झोपेत. दोनदाच आली.”

दोनदाच! तो आकडा मी कुठून आणला? तो म्हणाला, एकटीने सोसलंस. आणि माझा हात धरून बसून राहिला. डॉक्टरांना दाखवूया का, असं मी विचारायला हवं होतं ना? मी विचारलं नाही. त्यानेही नाही. ताईने पाहिलं म्हणजे झालं, एवढा त्याचा माझ्यावर विश्वास.

त्या संध्याकाळी बेबी हात पसरून त्याच्याकडे धावली. त्याने तिला उचललं नाही. आता मामाचा भरवसा नाही बाळा, म्हणाला. त्यानंतर त्याने तिला कधीच उचललं नाही. शेगडीजवळ बसेना. सायकल देऊन टाकली. डोंबिवलीच्या मित्राला कळवलं की खोली दुसऱ्या कुणाला दे. मित्राने एक स्थळही सुचवलं होतं — असं दुखणं लपवून कुणाच्या मुलीला फसवायचं नाही, म्हणून तो विषयही त्यानेच बंद केला. पडवीत बसून लोकांनी आणून दिलेली घड्याळं दुरुस्त करायचा. माझ्यासमोरचा पाट, शेगडीपासून लांब सरकवून का होईना, भरलेला राहिला. मला हवं होतं तेच झालं. फक्त तो आता पूर्वीसारखा बोलत नसे.

कुणी पाहुणा आला की सांगायचा, ताईने जपलं म्हणून मी आहे. मी आत उभी राहून ऐकायची. किती वर्षं ऐकलं! एक वाक्य पुरलं असतं. कुठल्याही दिवशी, भाजी निवडताना, एक वाक्य.

त्याच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी विचारलं, पूर्वीचं काही दुखणं? वसंता म्हणाला, फिट यायची, पण ताईच्या देखरेखीत परत कधी आली नाही. डॉक्टरांनी खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात माझ्या हातात होता. मी मान हलवली, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

माझ्या भावाला आयुष्यात एकदाही फिट आली नव्हती.