उजेड पायावर पाडावा

त्याला सगळे काजवा म्हणायचे. थिएटरात अंधार झाला की हातात बॅटरी घ्यायची आणि उशिरा आलेल्यांना खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे त्याचं काम. चौतीस वर्षं तेच केलं. या कामाचे नियम दोनच. उजेड पायावर पाडावा, तोंडावर कधी नाही. आणि स्वतः खुर्चीत बसू नये.

तोंडावर का नाही, हे शहाण्याला सांगायला नको. कोण कुणाबरोबर सिनेमाला आलंय हे बघायला काही बॅटरी दिलेली नसते. काजव्याने सगळ्या वस्तीची झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. पण डोळे उघडे ठेवून चालणारा माणूस काहीतरी बघणारच. तो पाय बघत राहिला आणि पायांवरून माणसं ओळखायला शिकला. एका बाजूने टाच झिजलेला बूट म्हणजे पोस्टमन. बोटं बाहेर काढून बसणारी चप्पल म्हणजे लाँड्रीवाली. मॅनेजरसाहेब नवे बूट घालून आले की चावतात म्हणून खुर्चीखाली काढून ठेवायचे, आणि सिनेमा संपला की दोघं मिळून ते शोधायचे.

बूटवाला त्याला असाच भेटला, पायांपासून वर. बावीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी बॅटरीच्या गोल उजेडात तपकिरी बुटांचा जोड आला. इतका चकचकीत की काजव्याला त्यात स्वतःची बॅटरी दिसली. टाचेवर लाल दोऱ्याचे तीन टाके. असे टाके त्याने कुठे पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच बूट, तोच सिनेमा. तिसऱ्या दिवशी तेच. अकराव्या दिवशी काजव्याला राहवलं नाही. खुर्ची दाखवता दाखवता तो कुजबुजला, "एवढा आवडला पिक्चर?"

अंधारातून उत्तर आलं, "पिक्चर कोणता चाललाय?"

झालं. बूटवाला चार गल्ल्या पलीकडे दुकानात बूट शिवायचा, आणि लाल टाके ही त्याची सही होती. सहा महिन्यांत तो आपली हत्यारं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन काजव्याच्या दोन खोल्यांत राहायला आला. लोकांना सांगितलं, भाडेकरू ठेवलाय.

लोकांचं ठीक होतं हो. लोक सहा महिने बोलतात, मग त्यांना दुसरं काही मिळतं. पण अक्कालाही त्याने हेच सांगितलं.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातलं आणि शाळेत ओढत नेलं. पुरुषाला माहेर नसतं म्हणतात. काजव्याला होतं. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला जायचा, आणि ताटात काय वाढायचं यावरून दोघं भांडायची. निघताना अक्का एक डबा हातात द्यायची. "तुझ्या त्या भाडेकरूला दे. एकटा जीव, काय खात असेल कोण जाणे." त्याला घेऊन ये असं तिने कधी म्हटलं नाही. आणू का, असं यानेही कधी विचारलं नाही.

पण डब्याची गंमत पुढेच आहे. बूटवाला मानी माणूस. कुणाचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही त्याची रीत. डबा घासून पुसून तो त्यात काहीतरी ठेवायचा. कधी बुटाच्या नाड्या, कधी टाच दुखते म्हणून मऊ गादी. एकदा अक्काने डब्याच्या तळाशी कागदावर आपलं पाऊल पेन्सिलने काढून पाठवलं. अंगठ्याच्या बाजूला हाड वाढलेलं, तेही नीट काढलेलं. पंधरा दिवसांनी डब्यात न मावणारा चपलांचा जोड पिशवीतून गेला. टाचेवर तीन लाल टाके. तेव्हापासून अक्काने दुसऱ्या कुणाची चप्पल पायात घातली नाही. अशी बावीस वर्षं दोघांची ओळख डब्यातून चाललेली, आणि डबे वाहणारा काजवा मात्र झाकण कधी उघडायचा नाही. दुसऱ्याच्या डब्यात डोकावणं त्याच्या स्वभावात नव्हतं. अंधारात काम करणाऱ्याला सवयच असते तशी.

आता सिनेमाचं. चौतीस वर्षांत काजव्याने हजारो प्रेमं पाहिली. सगळी बाई आणि बाप्याची. त्याच्यासारखा माणूस पडद्यावर यायचा तो हसवायला. कंबर हलवत यायचा, हात झटकायचा, दोन वाक्यं बोलायचा, आणि लोक खुर्च्यांवर थापा मारून हसायचे. एकदा सोबत चहावाला उभा होता, तेव्हा काजवाही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. त्या दिवशी घरी येऊन त्याने बूटवाल्याला काही सांगितलं नाही. भाजी खारट झाली म्हणून उगाच भांडला.

आणि मग एक दिवस कॉलेजच्या सिनेमावेड्या पोरापोरींनी थिएटरच्या चार गुरुवारच्या दुपारी मागून घेतल्या. पुरुषाचं पुरुषावर प्रेम, बाईचं बाईवर प्रेम, असेच सिनेमे दाखवायचे म्हणे. मॅनेजरसाहेब डोकं खाजवत म्हणाले, "काजव्या, तुला अवघड वाटत असेल तर सुट्टी घे."

"अवघड काय साहेब? अंधारच तर असतो."

पहिल्या गुरुवारी तो दाराच्या पडद्याला टेकून उभा राहिला आणि बॅटरी लावायचीच विसरला. दोन माणसं कठड्यावर आपटली. पडद्यावर एक पोरगा दुसऱ्या पोराला सायकल शिकवत होता, आणि कुणी म्हणजे कुणी हसत नव्हतं.

तीन गुरुवार असे गेले. चौथ्याचा सिनेमा दोन उतारवयाच्या गड्यांचा होता, एक बसचा कंडक्टर आणि एक घड्याळं दुरुस्त करणारा. ते ऐकल्यावर बूटवाला हातातला बूट खाली ठेवून म्हणाला, "हा बसून बघायचा. माझ्या शेजारी."

"कामावर बसत नाहीत."

"मग रजा टाक."

"लोक बघतील."

"अंधार असतो, असं तूच सांगत फिरतोस ना?"

बूटवाल्याने सुई मेणातून ओढली. "बावीस वर्षं मी तुला पाय दाखवून आत जातो आणि एकटा बसतो. एकदा शेजारी बस. जास्त काही मागत नाही."

"अक्काच्या कानावर गेलं तर?"

खरं दुखणं ते. अक्का ये म्हणायची बंद झाली तर रविवार जाणार होता. आणि रविवार गेला तर जगात त्याला 'जेवलास का रे' म्हणून दटावणारं रक्ताचं माणूस उरत नव्हतं. बूटवाल्याला हे कळत होतं. त्याने वाद घातला नाही. नुसता उठला आणि अक्काचा डबा घासायला बसला, इतका वेळ की बाहेरचं जस्त निघायचंच बाकी राहिलं.

रविवारी काजवा डबा घेऊन गेला. जेवणात लक्ष नव्हतं. अक्काने दोनदा टोकलं. मग उठली, स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गुरुवार उजाडला. काजव्याने अर्धीच रजा घेतली, त्याची मजल तेवढीच. लोकांना बसवून द्यायचं आणि सिनेमा सुरू झाला की बसायचं. बारा आणि तेरा नंबर धरलेले. दुसऱ्या दारावरचा त्याचा सोबती म्हणाला, "जा की आता. खुर्ची काय चावते?" तेराव्यात बूटवाला केस चापून, पाठ ताठ करून असा बसला होता की फोटोच काढायचाय.

एवढ्यात उशिरा आलेलं एक माणूस पडदा सारून आत आलं. काजव्याने सवयीने उजेड पायावर टाकला. पांढरे कापडी बूट, पोरी खेळायला घालतात तसले, नाड्यांची फुलं बांधलेली. अंगावर शाल. तिकीट अकरा नंबरचं. काजवा मनात म्हणाला, म्हातारी हौशी दिसते. आणि वर बोलला, "मावशी, जपून हं. पुढे पायरी आहे." मावशी काही बोलली नाही. भिंत धरून खुर्चीपर्यंत गेली आणि बसली.

मग काजवाही बसला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची चांगलीच मऊ निघाली. लोक सिनेमात का झोपतात ते त्याला आज कळलं. पडद्यावर कंडक्टर घरी आला, टोपी काढली. थोड्या वेळाने तेराव्या खुर्चीतून एक हात आला, आऱ्या धरून धरून खरखरीत झालेला. काजव्याने डावीकडे पाहिलं, मागे पाहिलं, आणि तो हात धरला.

सिनेमात फार काही घडतही नव्हतं. दोघं भांडत होते. कंडक्टरला खोकला झालेला, पण औषध घ्यायला तयार नव्हता. घड्याळवाला चमचा घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होता. काजव्याचे डोळे भरून आले. चमचा घेऊन मागे फिरणं, हेच तर होतं त्यांच्या घरी. ते दाखवण्यासारखं असतं, हेच त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात अकरा नंबरवरून खणखणीत आवाज आला, "अरे मेल्या, घे की औषध! तो बिचारा किती वेळ उभा राहणार?"

हा आवाज त्याने आईच्या आवाजापेक्षा जास्त ऐकलेला. त्याने बूटवाल्याचा हात चटका बसल्यासारखा सोडला. सगळ्या वस्तीचे पाय ओळखणारा माणूस, आणि सख्खी बहीण शेजारी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अक्का?"

"मावशी म्हण. मघाशी म्हणालास तसं." ती पडद्यावरून नजर न हलवता बोलली. "सुनेचे बूट घालून आले. त्याने शिवलेल्या चपला घातल्या असत्या तर दारातच ओळखलं असतंस आणि काहीतरी थाप मारून घरी धाडलं असतंस."

"पण तिकीट?"

"तूच तर आणून दिलंस. डब्यात होतं. सोबत चिठ्ठीही होती, बारा नंबरला तुमचा भाऊ बसेल म्हणून."

काजव्याने तेरा नंबरकडे पाहिलं. तेरा नंबर अगदी मन लावून सिनेमा बघत होता.

"आणि हात का काढलास?" अक्का म्हणाली. "त्याला वाटेल रागावलास."

"अक्का, तुला... कधीपासून?"

"एका भाडेकरूसाठी कुणी बावीस वर्षं डबा वाहतं का रे? मी आपली वाट बघत होते, सांगशील सांगशील. तू कसला सांगतोस. आणि मीही मूर्ख, विचारलं नाही. तोंड उघडलं तर तू यायचा थांबशील, ही भीती होती मला."

मागच्या रांगेतून आवाज आला, "शूऽऽ!"

चौतीस वर्षं दुसऱ्यांना गप्प करणाऱ्या काजव्याला कुणीतरी गप्प केलं. अक्काचा आवाज एवढासा खाली आला. "बॅटरी आहे ना जवळ? जरा त्याच्या तोंडावर पाड."

"तोंडावर पाडत नाहीत गं."

"पाड म्हणते ना! बावीस वर्षं त्याने माझा पाय जपलाय, आणि मला त्याचं तोंड माहीत नाही. एकदा दुकानावरून गेले होते, तर पाठमोरा होता."

काजव्याने खिशातून बॅटरी काढली. सवयीने उजेड आधी तपकिरी बुटांवर पडला, मग गुडघ्यांवर, मग हळूहळू वर गेला. बूटवाला डोळे मिचकावत, लग्नाला दाखवायला बसवल्यासारखा ताठ बसून राहिला.

अक्का पुढे वाकली. नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"मिशा आहेत की याला! आता मी याला म्हणू तरी काय? भावजय म्हणावं तर मिशा, तुझा मेव्हणा म्हणावं तर तू बायको कुठे केलीस?"

"पाहुणे म्हणा," बूटवाला तोंड न हलवता म्हणाला.

"बॅटरी बंद करा!" दोन-तीन जण एकदम ओरडले. दारावरून सोबती धावत आला, कोण बाई गोंधळ घालतेय म्हणून, आणि उजेडात काजव्यालाच बघून आला तसा परत गेला.

अंधार झाला. पडद्यावर कंडक्टरने एकदाचं औषध घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"पाहुणे," अक्का काजव्याच्या मांडीवरून वाकून म्हणाली, "येत्या रविवारी मी डबा भरणार नाही."

तेरा नंबर खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकला.

"तुम्हीच या जेवायला. आणि हा यायचाच असेल तर येऊ दे बापडा."